मदत हवी आहे: हॅले धूमकेतू इतक्या लांबून मागे का फिरतो?

मुलगा दहावीला आहे. गुरुत्वाकर्षणाचा धडा, केप्लरचे तीन नियम, सगळं तोंडपाठ, गणितंही सुटतात. पण त्याने विचारलेल्या एका प्रश्नावर मी अडकले आहे.

हॅले सूर्याजवळ येतो तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. मग तो सूर्यात पडायचं सोडून लांब का निसटतो? आणि नेपच्यूनच्याही पलीकडे, जिथे ओढ अगदी क्षीण, तिथूनच नेमका मागे का फिरतो? उलट व्हायला हवं ना?

शिकवणीत सांगितलंय की सूर्याची ओढ आणि बाहेर फेकणारं बल सारखं असतं, म्हणून ग्रह कक्षेत राहतो. पृथ्वीच्या बाबतीत हे चालून जातं, पण हॅलेचं अंतर तर सतत बदलतं.

आकडे मी काढून ठेवलेत. पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किमी, हे १ एकक धरलंय. ९ फेब्रुवारी १९८६ला हॅले उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळ होता: अंतर ०.५८६, वेग सेकंदाला ५४.५ किमी. डिसेंबर २०२३मध्ये अपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सर्वात लांब: अंतर ३५.१, वेग जेमतेम ०.९१ किमी. अंतर गुणिले वेग दोन्हीकडे ३२च्या जवळ येतं, म्हणजे केप्लरचा दुसरा नियम (समान वेळात समान क्षेत्रफळ) बसतो. पण त्यातून 'किती' कळतं, 'का' नाही.

कॅल्क्युलस नको, प्लीज. त्याला अजून आलेलं नाही आणि माझं विसरून झालंय.

प्रतिसाद १

मुलगा हुशार आहे, त्याला शाबासकी द्या. आधी ते 'बाहेर फेकणारं बल' डोक्यातून काढा. दोन बलं खरंच समान असती तर एकूण बल शून्य, आणि ग्रह सरळ रेषेत निघून गेला असता. बल एकच आहे, सूर्याकडे ओढणारं. बाकी आहे तो वेग.

आता नुसती ओढ बघू नका. त्या अंतरावर वर्तुळात फिरायला किती वेग लागतो, ते बघा. पृथ्वीच्या अंतरावर तो सेकंदाला सुमारे ३० किमी आहे. त्याला एककांतल्या अंतराच्या वर्गमुळाने भागलं की कुठल्याही अंतरावरचा वेग मिळतो. ३५ एककांवर येतो ५ किमी. हॅलेकडे तिथे १ सुद्धा नाही! ओढ क्षीण असली तरी तेवढा वेग वळवायला पुरून उरते, म्हणून तो आत पडू लागतो.

पडता पडता ३७-३८ वर्षं वेग वाढतच जातो. ०.५८६वर वर्तुळासाठी ३९ हवा, याच्याकडे ५४.५. ओढ प्रचंड आहे, पण एवढ्या वेगवान गोष्टीला वर्तुळात धरून ठेवण्याइतकी नाही. थोडा आडवा वेग आधीपासून असल्यामुळे तो सूर्यावर आदळत नाही, बाजूने वळसा घालून बाहेर पडतो.

आणि गंमत बघा: त्या जागी मुक्तिवेग, म्हणजे सूर्यापासून कायमचं सुटायला लागणारा वेग, आहे सुमारे ५५. म्हणजे सेकंदाला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास कमी पडतो, म्हणून तर २०६१च्या जुलैत परत येणार. वर फेकलेला चेंडू सर्वात उंच जातो तिथेच सर्वात हळू असतो आणि तिथूनच खाली येतो, तसंच हे. मुलाला हा मुक्तिवेग स्वतः गणित करून काढू द्या, वर्तुळासाठीच्या ३९ला √२ने गुणायचंय फक्त.

धागाकर्ती

√२चं त्याने लगेच केलं, ५५ आलं! आभार. आता त्याला ही कक्षा प्रमाणात काढायची आहे. पुस्तकातलं चित्र चालेल का?

प्रतिसाद २

नको. पुस्तकात पृथ्वीची कक्षा मुद्दाम चपटी दाखवतात. प्रत्यक्षात जानेवारीत १४.७ कोटी किमी आणि जुलैत १५.२, कागदावर वर्तुळच दिसतं. हॅलेसाठी १ सेंमी म्हणजे १ एकक धरा. मोठ्या ड्रॉइंग शीटवर दोन टाचण्या ३४.५ सेंमी अंतरावर, त्यांच्याभोवती दोऱ्याचं एकूण ७० सेंमीचं वेटोळं, ते पेन्सिलीने ताणून धरत फिरवायचं. लंबवर्तुळ ३६ सेंमी लांब आणि जेमतेम ९ सेंमी रुंद होईल. एका टाचणीवर सूर्य, तिच्याभोवती १ सेंमी त्रिज्येची पृथ्वीची कक्षा. नेपच्यूनचा ३० सेंमीचा नुसता कंस पुरे. हॅलेच्या बाणाची दिशा मात्र ग्रहांच्या उलट काढा, तो उलटाच फिरतो.