उचलले जाणार, मग न्याय कसला?

एकांनी विचारलंय, ख्रिस्त परत येईल तेव्हा त्याच्यावर विश्वासणारे ढगांत उचलले जाणार असतील तर त्यांचा पुन्हा न्याय कशाला? बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांत प्रेषित पौलानेच दोन्ही गोष्टी लिहिल्यात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात उचललं जाणं आहे, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१०) 'आपण सर्वांनी' ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहणं आहे. हे 'आपण' मंडळीतलेच (चर्चमधलेच) लोक, बाहेरचे नव्हेत.

पण तिथे तारणाचा (पापातून सुटकेचा) फेरनिकाल नसतो, कामाची पारख असते. पहिल्या करिंथकरांसच्या तिसऱ्या अध्यायात बघा : पाया ख्रिस्त, त्यावर कुणी सोनं-रुपं लावतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. अग्नीत काम जळालं तर नुकसान होतं, माणूस मात्र वाचतो. अंगावरच्या कपड्यांनिशी आगीतून निसटावा तसा. दानपेटीवर नाव कोरून घेणाऱ्यांनी हा अध्याय जरा सावकाश वाचावा!

दुसरं, जगाच्या शेवटी येणाऱ्या संकटकाळाआधी उचललं जाण्याचं ते वेळापत्रक सगळ्या मंडळ्या मानत नाहीत. १८३० च्या दशकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बीने ते मांडलं, १९०९ च्या, टीपांसह छापलेल्या स्कोफील्ड बायबलने घरोघरी नेलं. आमच्या नाशकात शरणपूरच्या जुन्या मिशनची परंपरा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची. तिथले लोक मतांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) 'जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय' म्हणतात, शेवटच्या काळातल्या घटनांचे तक्ते काढत नाहीत. पेंटेकॉस्टल सभांत मात्र तक्ता भिंतीवर दिसतो. थेस्सलनीकाकरांसचा तोच उतारा दफनविधीला वाचतात, आणि मला तीच त्याची खरी जागा वाटते. पौल मेलेल्यांसाठी रडणाऱ्यांना धीर देत होता, तारीख सांगत नव्हता.