पुन्हा: सिनाई सहल – मठ रविवारी बंद, मग कसं?

सगळ्यांना नमस्कार,
बसवाल्याला आज रात्रीपर्यंत कळवायचंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेला सेंट कॅथरीनचा ख्रिस्ती मठ रविवारी बंद. आपण शनिवारी रात्री डोंगर चढून रविवारी सूर्योदय बघणार, मग उतरल्यावर नुसत्या भिंती बघायच्या का? एरवीही तो सकाळीच दोन-अडीच तास उघडा असतो. शुक्रवारी रात्रीच चढू या.
– सचिव

सचिवसाहेब, शुक्रवारी संध्याकाळी शर्म अल-शेखच्या विमानतळावर उतरायचं, मग तीनेक तास बस, वाटेत चौक्या, आणि रात्री दोनला चढाई? पोरांचं काय? ओमानच्या घाटात कोण कोण ओकलं ते विसरलात वाटतं. माझ्या गुडघ्यांचं तर नावच काढू नका. उंट आहे ना?
– शारजाच्या काकू

काकू, उंट शिखरापर्यंत जात नाही. शेवटच्या साडेसातशे पायऱ्यांच्या तोंडाशी सोडतो, पुढे आपले आपण. आणि २,२८५ मीटर म्हणजे कळसूबाईच्या वर आणखी सहाशे. हिवाळ्यात पहाटे बोटं वाकत नाहीत. वरच्या टपऱ्यांत बेदुईन, म्हणजे तिथले वाळवंटी टोळीवाले लोक, भाड्याने घोंगड्या देतात. वास मारतात, पण त्या वेळी नाकाचं कोण ऐकतो!
– अजमानवाले भाऊ

घोंगड्या राहू द्या. ‘नुसत्या भिंती’ हे सचिवांना शोभत नाही. त्या पूर्व रोमन साम्राज्याच्या जस्टिनियन बादशहाने बांधवून घेतलेल्या आहेत, सहाव्या शतकातल्या. आत मोशेचं जळतं झुडूप (बायबलात देव त्यातून मोशे प्रेषिताशी बोलला ते) दाखवतात, इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळातली मशीदही आहे. मात्र बायबलची ती प्रसिद्ध जुनी पोथी बघायला म्हणून कोणी येणार असेल तर लंडनचं तिकीट काढा. बरीचशी पानं १९३३ साली ब्रिटिशांनी सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना घेतली. मठाकडे थोडीच उरलीत. हे मी गेल्या वर्षीच्या बैठकीतही सांगितलं होतं, इतिवृत्तात आलं नाही.
– माजी खजिनदार

इतिवृत्ताचं नंतर बघू. सूर्योदयच कशाला हवा? शुक्रवारी रात्री खालच्या गावात झोपू, शनिवारी नऊला मठ, जेवण करून दुपारी चढाई आणि वर सूर्यास्त. वाटाड्या तसाही घ्यावाच लागतो, तो अंधारात उतरवेल. फक्त उंटांच्या वाटेनेच. दुसऱ्या बाजूच्या ३,७५० दगडी पायऱ्या बॅटरीच्या उजेडात नकोत, एकेक पायरी गुडघाभर.
– अल नाहदाच्या वहिनी

वहिनी, सूचना चांगली आहे, पण कार्यक्रम सहल समिती ठरवते. शिवाय ‘सिनाईचा सूर्योदय’ असं पोस्टर छापून झालंय.
– सचिव

पोस्टरवर सूर्य डोंगराला टेकलेलाच आहे ना? उगवतोय की मावळतोय, कोण विचारणार? वहिनींच्या बाजूने माझी दोन मतं, यांचं धरून. उंट मला जाताना आणि येतानाही. आणि चौक्यांवर पासपोर्टची झेरॉक्स चालते का?
– शारजाच्या काकू

नाही. मूळ पासपोर्टच, आणि हातातल्या पिशवीत. गेल्या खेपेसारखा मोठ्या बॅगेत तळाशी नको.
– अजमानवाले भाऊ