लग्नसराईत पीसी मधेच बंद पडायलाय. पेस्ट बदलली तरी प्रोसेसर १०० डिग्रीवर

फोटोवाला_मानवत

मंडळी, मानवतला माझा फोटो स्टुडिओ आहे. ऐन लग्नसराईत एडिटिंगचा पीसी रुसलाय. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की थोड्या वेळात खटकन बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, थेट अंधार. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढंच दिसतं.

मशीन: कोअर आय५-१०४००, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर (धातू आणि त्यावर पंखा), १६ जीबी रॅम, स्लिम कॅबिनेट. वर पत्रे, दुपारी खोलीतच ४१-४२ होतं. शेजारी जिनिंग असल्यामुळे हंगामभर रुई उडते ती वेगळीच.

आधी नुसतं स्लो व्हायचं. म्हणून परभणीला एका दुकानात नेऊन प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट बदलून आणली. “आता बघा, बर्फासारखा थंड राहतो,” म्हणाला. झालं उलटंच. आधी बंद तरी पडत नव्हता! तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये काही न करता ६२-६५ आणि एक्सपोर्ट लावला की १००. कुणी म्हणतंय विंडोज नवीन टाका, कुणी म्हणतंय बोर्ड गेला, एकानं तर प्रोसेसरसाठी लिक्विड कूलरच घ्यायला सांगितलाय. इकडे नवरीचा मामा रोज फोन करायलाय, “व्हिडिओ कधी देता?” काय करू?

सेलूकर

कॅबिनेटची साइड काढा आणि टेबल फॅन लावा. आपल्याकडं मे महिन्यात अर्ध्या दुकानांत हेच चालू असतं.

जुना_मिस्त्री_नांदेड

लिक्विड कूलरचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. विंडोजला पण हात लावू नका. ४१ नंबरची नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. का झालं ते सांगत नाही. तुमचे आकडे बघता संशय उष्णतेवरच आहे.

आधी एक सांगा. एक्सपोर्ट दाबल्यावर आकडा १०० ला जातो कसा? दाबताच, की हळूहळू चढत दहा-पंधरा मिनिटांनी? निम्मं निदान ह्या उत्तरातच आहे.

हळूहळू चढत असेल तर हवा अडलीय: कूलरच्या धातूच्या पात्यांत धूळ, पंखा मंद, नाहीतर कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं. कूलरचा धातू तापायला वेळ लागतो, म्हणून आकडा सावकाश वर जातो. दाबताच उडी मारत असेल तर प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. ह्याची खात्री करायला साधी युक्ती आहे. स्क्रीनवर ९८ दिसत असताना पंख्याच्या पात्याला धक्का न लावता कूलरच्या ॲल्युमिनियमला कडेनं बोट लावा. कोमट लागलं, म्हणजे दोघांची गाठच पडलेली नाही.

खोलीचंही गणित बघा. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली २५ असताना एक्सपोर्टला ७० दिसत असतील, तर ४२ च्या खोलीत तेच मशीन ८७ दाखवणार. तो बिघाड नाही, तो आपला मे महिना. लिक्विड कूलर घेतला तरी तो त्याच खोलीतली हवा वापरणार. पण नुसतं चालू ठेवून ६५ म्हणजे खोलीच्या वर २३. तुमच्या प्रोसेसरला हे जास्त आहे.

बंद पडण्याचं म्हणाल, तर इंटेलच्या ह्या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. तुमचं आधीचं ‘स्लो’ म्हणजे बहुतेक तेच होतं. वेग पाडूनही ताप वाढतच राहिला तर शेवटी जीव वाचवायला मशीन बंद होतं. पेस्टनंतर हे सुरू झालं म्हणता, म्हणजे माझा संशय पेस्टवर नाही, कूलर परत बसवताना काय झालं त्यावर आहे. पेस्ट हे दुकानदारांचं आवडतं औषध, पण खरं काम कूलरच्या दाबाचं असतं.

फोटोवाला_मानवत

दाबताच, दादा. एक्सपोर्ट सुरू की लगेच ९७, ९९, १००. आणि बोट लावून बघितलं, कोमटच आहे!

जुना_मिस्त्री_नांदेड

मग पिन सुटलीय. तुमच्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पिना असतात. प्रत्येकीत पांढरा फाटलेला पाय आणि त्याच्या आत काळा खिळा. खिळा खाली गेला की पांढरा पाय बोर्डाच्या मागच्या बाजूला फाकतो आणि धरून ठेवतो. वरून चारही बसल्यासारख्या दिसतात, म्हणून मागून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

वायर काढा, कॅबिनेट आडवं झोपवा. पिनेवर बाण आहे, त्या दिशेला फिरवून वर ओढलं की ती सुटते. कूलर काढला म्हणजे जुनी पेस्ट गेलीच समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडानं प्रोसेसर आणि कूलर दोन्हीकडून पुसा आणि प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवीन पेस्ट ठेवा. बोटानं फासत बसू नका, दाबानं पसरते. बसवण्याआधी चारही पिना बाणाच्या उलट फिरवून मूळ जागी आणा. ह्याचा विसर पडला तर पिन ‘टक’ म्हणते पण धरत नाही. मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन दाबा, नंतर उरलेल्या दोन. एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या की दुसरी बाजू उचलली जाते.

कूलर हातात आलाच आहे तर पंखा त्याच्यापासून वेगळा करून बघा. जिनिंगशेजारी आहात, रुई पंख्यावर नाही, पंख्याच्या खाली धातूच्या पात्यांच्या तोंडाशी बसते. वरून पंखा स्वच्छ दिसतो. मऊ ब्रशनं काढा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्यातून हवेबरोबर पाणी येतं आणि दाबही फार असतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

फोटोवाला_मानवत

दादा, काय सांगू! बोर्डाच्या मागं बघितलं तर तीन पाय फाकलेले आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला तसाच सरळ, नुसता भोकात टेकलेला. हातानं ओढली तर पिन आपोआप वर. पेस्ट पण एका कडेला दाबलेली आणि दुसऱ्या कडेला ट्यूबमधून काढल्यासारखी तशीच. आणि पंख्याखाली रुईची चक्क गादी निघाली, अख्खी एका तुकड्यात.

तुम्ही सांगितलं तसं बसवलं. खोली ४० असताना नुसता चालू ४८, एक्सपोर्टला ८६-८८. अख्खा व्हिडिओ पहिल्यांदाच न थांबता निघाला. मामाला पेन ड्राइव्ह दिला.

पण ८८ चालतं का? भर दुपारी अजून वर जाईल ना?

औरंगपुरा_एडिटर

चालतं, पण कमी करता येतं. १०४०० कागदोपत्री ६५ वॅटचा आहे, पण थोडा वेळ तो १३४ वॅटपर्यंत खाऊ शकतो. इंटेलच्या हिशोबानं हा जोर साधारण २८ सेकंदांचा असतो, पण काही बोर्डांवर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ही मर्यादा सैल ठेवलेली असते आणि तो जोर लावतच राहतो. बायोसमध्ये पॉवर लिमिट ६५ वर आणा. तो पर्याय नसेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा, टर्बो (जादा वेग) बंद होऊन तो २.९ गिगाहर्ट्झवर राहतो. एक्सपोर्टला वेळ जास्त लागेल, पण दुपारी निर्धास्त जेवायला जाता येईल. मी एप्रिल ते जून असंच ठेवतो.

आणि पाण्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट पीसीवर नको. बोअरचं क्षाराचं पाणी, तुषार उडाले की बोर्डावर पांढरे डाग पडतात.

जुना_मिस्त्री_नांदेड

थेट नको हे बरोबर, पण खोलीत पाण्याचा कूलर हवाच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यानं खोली सहज काही डिग्री उतरते आणि प्रोसेसरही जवळपास तेवढाच. समोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली पाहिजे. पाऊस लागला की मात्र त्याचा उपयोग संपला.

फोटोवाला_मानवत

लिमिट ६५ केली, आता ७८ च्या आसपास थांबतो. दिवाळीनंतर पुन्हा सीझन, तोवर चांगला कूलर घ्यावा म्हणतो. पिनांची भानगड नको आता. प्रोसेसरपासून झाकणापर्यंत मोजलं, १३ सेंटिमीटरच जागा आहे.

जुना_मिस्त्री_नांदेड

मग १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर बसणार नाही, ते बहुतेक १५-१६ सेंटिमीटर उंच असतात. ९२ मिलिमीटर पंख्याचा बघा, पण डब्यावरची उंची वाचूनच घ्या. मागून पट्टी आणि स्क्रू लागतात असा घ्या. तुमचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए १२००. ११५० किंवा ११५१ साठीचा कूलर त्याला बसतो, पण फक्त १७०० लिहिलेला बसणार नाही, त्याची भोकं एकमेकांपासून जास्त लांब असतात.