मेडिकलला जायचे असेल तर कॉलेजात मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणता घ्यावा? आपले अनुभव लिहा

सांगलीची_अनु (न्यू जर्सी)
माझी भाची मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हे सत्र संपण्यापूर्वी तिला मेजर जाहीर करायचा आहे. काल तिने फोनवर विचारले, "मावशी, मला इतिहास घ्यायचा आहे, पण मग मेडिकलचे काय?" याच प्रश्नावरून माझ्या कॉलेजच्या काळात आमच्या घरी फार वाद झाले होते, ते सगळे आठवले. सांगलीहून आलेल्या बाबांना बारावीनंतर थेट एमबीबीएस एवढाच मार्ग ठाऊक होता. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षे मेडिकल आणि त्यापुढे रेसिडेन्सी (हॉस्पिटलातले प्रशिक्षण), हा क्रमच त्यांना पटत नव्हता. त्यात मी मानववंशशास्त्र घेतल्याचे कळल्यावर ते ताटावरून उठले होते. आज मी फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते. मेडिकल कॉलेजे मेजरची अट घालत नाहीत, ठरावीक विषय मागतात: जीवशास्त्र, सामान्य रसायन, ऑरगॅनिक (सेंद्रिय रसायन) आणि भौतिकशास्त्र, प्रत्येकी साधारण वर्षभर, प्रयोगशाळेसह, आणि बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्री. बाकीच्या वेळात मी जे शिकले, ते रुग्णाच्या घरची परिस्थिती समजून घेताना रोज उपयोगी पडते. आपण किंवा आपल्या मुलांनी काय निवडले आणि ते कसे निभावले, हे कृपया लिहावे. भाचीला वाचायला देणार आहे.

कोकणकडा
मुलाने बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतले, कारण मेडिकलला प्रवेश मिळाला नाही तरी हाताशी नोकरी असावी, असे आम्हा दोघांना वाटत होते. विषय त्याला मनापासून आवडला. परंतु इंजिनिअरिंगचे गुणदान कडक असते, आणि मेजर अवघड होता म्हणून अर्ज तपासणारे कमी जीपीए (गुणांची सरासरी) पोटात घालतील, या भरवशावर कोणी राहू नये. सामाईक अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिकी आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात. इंजिनिअरिंगचे विषय त्यात धरले जात नाहीत, एकूण जीपीएमध्ये मात्र धरले जातात. आवड नसताना केवळ नोकरीच्या सोयीसाठी हा मेजर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीनल_टेक्सास
हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा देऊन रसायनाचे क्रेडिट मिळाले असेल, तर मेडिकल कॉलेजे ते मानतात का? माझी मुलगी अकरावीत आहे.

सांगलीची_अनु
मीनलताई, काही मानतात, काही मानत नाहीत, आणि काही त्याच विषयाचा पुढचा कोर्स कॉलेजात करायला सांगतात. प्रत्येक कॉलेजचे संकेतस्थळ पाहूनच ठरवावे.

वाट_पाहणारी_आई
आमच्या घरी मेजरचा प्रश्न आवडीपाशी थांबलाच नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. लेक लहान असताना आम्ही इथे आलो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत अजूनही उभे आहोत. २१ वर्षे पूर्ण झाल्यावर तिला आमच्यावर अवलंबून असलेला एच-४ व्हिसा सोडून विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला. सगळे शिक्षण इथे झालेली ही मुलगी त्यामुळे परदेशी विद्यार्थिनी ठरली, आणि इथली बहुतांश मेडिकल कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात, त्यांतली काही चार वर्षांची फी आगाऊ बाजूला ठेवल्याचा पुरावा मागतात. तिला साहित्य शिकायचे होते. परंतु पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर साधारणपणे १२ महिने काम करता येते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मान्यताप्राप्त यादीतली पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. मेडिकलचा अर्ज लांबला तर तेवढा अवधी हाती असावा, म्हणून तिने संख्याशास्त्र घेतले आणि साहित्याचे मोजके वर्ग निवडले. आता ती एका संशोधन प्रयोगशाळेत विदा विश्लेषणाचे काम करते आणि परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजांना अर्ज पाठवते आहे. ज्यांच्या मुलांपुढे हा प्रश्न आहे, त्यांनी नववी-दहावीपासूनच माहिती काढावी. आम्हाला हे वेळेवर कोणीही सांगितले नव्हते.

सांगलीची_अनु
ताई, वाचून गलबलून आले. तुमच्या लेकीला माझ्या अर्जांचे निबंध वाचायचे असतील किंवा मुलाखतीचा सराव करायचा असेल, तर मला अवश्य निरोप पाठवा.

नाशिकचा_मामा
आमच्याकडे नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतेच, त्यामुळे बहुतेकांची दिशा सोळाव्या वर्षीच ठरते. विशीतल्या मुलीला इतिहास शिकून डॉक्टरही होता येत असेल, तर तिला अडवू नका.

रात्रपाळी
मी तत्त्वज्ञान घेतले होते आणि सध्या इंटर्नल मेडिसिनची रेसिडेंट आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र वाट सुरू केली. त्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षीच प्रवेशाची हमी मिळे आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यावी लागत नसे. पुढे त्या विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा अभ्यास झाला, तेव्हा ते मेडिकलमध्ये इतरांच्या बरोबरीने उतरल्याचे दिसले. १९८९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी हॅरल्ड वार्मस यांनी तर इंग्रजी साहित्यात एमए केल्यानंतर मेडिकलला प्रवेश घेतला होता.

मी नेहमीच्या मार्गाने गेले. एमकॅटचे चार भाग असतात. त्यांतला एक निव्वळ उताऱ्यांच्या वाचनाचा आहे, आणि २०१५ पासून मानसशास्त्र व समाजशास्त्राचाही भाग आहे. हे दोन्ही मला सोपे गेले, पण भौतिकीने घाम काढला, कारण माझ्या मेजरमध्ये त्याचा सराव कुठेच होत नव्हता. भाचीला एवढेच सांगा की इतिहास जरूर घे, पण ऑरगॅनिक आणि भौतिकी एकाच सत्रात घेऊ नकोस, आणि एमकॅट बायोकेमिस्ट्री झाल्यावरच दे.

कोकणकडा
ऑरगॅनिकबद्दल पूर्ण सहमत आहे. मुलाने ते उन्हाळी सत्रात केले आणि वर्षभराचा अभ्यास काही आठवड्यांत आटोपताना तो अक्षरशः थकून गेला.

पेशी_आणि_पान
सगळे जीवशास्त्र टाळायला सांगत आहेत असे भाचीला वाटू नये, म्हणून लिहिते. मी जीवशास्त्रच घेतले, कारण शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल पाहिली तेव्हापासून दुसरे काही शिकावेसे वाटले नव्हते. आवश्यक विषयांपैकी बरेचसे मेजरमध्येच पूर्ण झाले, त्यामुळे हॉस्पिटलात स्वयंसेवेला वेळ मिळाला. अर्ज करणाऱ्यांत जीवशास्त्राचेच विद्यार्थी सर्वाधिक असतात. त्याची मला कधी अडचण झाली नाही. तिने पुढच्या सत्रात इतिहासाचा एक वरच्या पातळीचा वर्ग आणि ऑरगॅनिकचा पहिला भाग सोबत घेऊन पाहावा, आणि मेजरचा अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजातल्या प्री-मेड (मेडिकलच्या तयारीच्या) सल्लागारांकडून चारही वर्षांचे वेळापत्रक तपासून घ्यावे.