रुग्णसाहित्य केंद्राची वेबसाइट नव्याने करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

तिठा_नाशिक
नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था आहे, रुग्णांना घरी लागणारं सामान वापरायला देतो. फाउलर खाट (डोक्याकडची-पायाकडची बाजू वर करता येणारी), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, असं सगळं. अनामत घ्यायची, नाममात्र भाडं घ्यायचं, सामान परत आलं की अनामत परत. वेबसाइट फार पूर्वी कुणीतरी ओळखीत करून दिली होती. पहिल्या पानावर उद्घाटनाच्या फोटोंचा स्लायडर, त्याखाली अध्यक्षांचं मनोगत, त्याखाली इतिहास. सामानाची यादी बघायची तर 'उपक्रम', त्यात 'आरोग्य विभाग', त्यात एक पीडीएफ आणि तीसुद्धा स्कॅन केलेली. फोन नंबर बॅनरच्या चित्रातच छापलाय म्हणजे मोबाइलवर कितीही टॅप करा, फोन काही लागत नाही.

आता एका देणगीदारांनी नव्या साइटसाठी पैसे दिलेत आणि कार्यकारिणीत प्रत्येकाचं वेगळं, एक म्हणतो व्हिडिओ पाहिजे, एक म्हणतो ॲपच करू, खजिनदार म्हणतात देणगीचं बटण मोठं करा बाकी काही नको. मला वाटतं आधी वापरणाऱ्यांचा विचार व्हावा, पण तो करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? फॉर्म भरून घ्यायचे का लोकांकडून?

पिक्सेल_पुणे
फॉर्म नको. 'तुम्हाला वेबसाइटवर काय आवडेल' विचारलं की लोक चांगलंचुंगलं काहीतरी लिहून मोकळे होतात. तुमच्याकडे त्यापेक्षा भारी माल आहे, काउंटरवरचा फोन. तिथे जो माणूस बसतो त्याला महिनाभर एक वही द्या, फोन आला की पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहायचा, त्याच्याच शब्दात. 'खाट आहे का', 'डिपॉझिट किती', 'डॉक्टरची चिठ्ठी लागते का', 'टेम्पो तुम्ही पाठवता का आम्ही आणायचा', 'रविवारी उघडं असतं का' असंच येणार बघा. जे प्रश्न सारखे येतात ते पहिल्या पानावर, त्याच शब्दात. 'आरोग्य विभाग' हा तुमच्या कार्यकारिणीतला विभाग झाला, बाहेरच्याला त्याचं काय.

दुसरं, गूगलचं सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे, लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर गूगलला त्यातलं किती कळेल याचा भरवसा नाही, आणि मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून तसाच चिकटवला असेल तर तो युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर शोधणाऱ्याला तुम्ही दिसणारच नाही.

डिझायनरला एवढं नक्की सांगा की मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नको, शिरोरेषा तुटते, आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तर अजिबात नको, अक्षर आणि मागचा रंग यांच्यातल्या फरकाचं (काँट्रास्टचं) किमान प्रमाण ४.५:१ मानतात, तुमच्याकडे येणारी निम्मी मंडळी चष्मा शोधत असणार.

शिळफाटा
मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे सामान शोधणारी. सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले आणि म्हणाले उद्या घरी न्या. खाट हवी, कमोड खुर्ची हवी, वॉकर हवा. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून एका हाताने मोबाइल, रेंज जेमतेम, आणि एका संस्थेची साइट उघडली तर फोटो एकामागून एक लोड होतायत, शाल-श्रीफळ, शाल-श्रीफळ. शेवटी बंद केली आणि मेडिकलवाल्याला विचारलं.

मला काय हवं होतं सांगते. वस्तूचा फोटो, कारण एअर बेड म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मोटरवर हवा कमीजास्त होणारी गादी. अनामत किती आणि रोख लागते की यूपीआय चालतं. येताना कागद कुठले आणायचे. आणि खाट सुटी होते का, आमच्या लिफ्टमध्ये जाईल का, हे कुणीच लिहीत नाही हो! लांबी-रुंदी टाका प्लीज. आणि इंग्रजी पान पण ठेवा, माझे दीर बाहेरच्या देशात आहेत, त्यांची मुलं मराठी वाचत नाहीत, आणि शोधाशोध तीच करतात.

हिशेबनीस
देणगीच्या बटणाबद्दल तुमच्या खजिनदारांना एवढं दाखवा. बटण मोठं करून भागत नाही, मागे फॉर्ममध्ये काय विचारता ते महत्त्वाचं. देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी (८०जी म्हणतात ती) असेल तर नाव, पत्ता, पॅन तिथल्या तिथे घ्या, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर आयकर खात्याला देणग्यांचं विवरण भरताना हेच लागतं आणि त्यावरून निघणारं प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत देणगीदाराला द्यायचं असतं. नुसता क्यूआर कोड लावला की बँकेत पैसे येतात पण कोणाचे ते कळत नाही, मग जूनमध्ये लोक फोन करतात की आमचं सर्टिफिकेट कुठाय. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नवीन कररचना घेतलेल्यांना तर ती मिळतच नाही, तेही लिहा, लोकांना वाटतं संस्थेने फसवलं.

परदेशातल्या मंडळींचं वेगळं. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी, आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेताच येत नाही. म्हणून रक्कम टाकायच्या आधी नागरिकत्वाचा एक प्रश्न हवाच.

स्पष्टवक्ता_मिरज
सगळं ठीक, पण मी म्हणतो साइट हवीच कशाला? गूगल मॅपवर संस्थेची नोंद नीट करा, वेळ, सुट्टी, नंबर, दोन फोटो. जिन्यात उभं राहून शोधणारा माणूस तिथूनच फोन करणार. आणि 'कुठली वस्तू शिल्लक' हे साइटवर दाखवायच्या फंदात पडू नका, आठवडाभर उत्साहाने भरतात आणि मग तीच यादी दिवाळीपर्यंत तशीच. माणूस रिक्षा करून येतो आणि खाट नसते. त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

पिक्सेल_पुणे
मॅपचं एकशे एक टक्के बरोबर, ते तर आजच करा, पैसे लागत नाहीत. पण अनामतीचे नियम, कागद, मापं ही मॅपवर मावत नाहीत, त्याला पान लागतंच. शिल्लक साठ्याबद्दल मात्र मी अर्धवट सहमत. आकडे नकोत. फक्त 'सहसा मिळते' आणि 'मागणी जास्त, आधी फोन करा' एवढे दोनच शेरे, ते महिनोन्महिने बदलावे लागत नाहीत.

तिठा_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे. वहीची कल्पना लगेच पटली, काउंटरवरचे काका सुरू करतायत. अडचण अध्यक्षांची आहे. ते म्हणतात उद्घाटनाचे फोटो आणि देणगीदारांची नावं काढली तर लोक दुखावतील.

पिक्सेल_पुणे
नावं काढू नका की. देणगीदारही वापरणाराच आहे, आईच्या नावाने व्हीलचेअर दिलेला माणूस ते नाव बघायला येतो. मग ते नाव त्या व्हीलचेअरच्याच पानावर टाका, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', यादीत दोनशेव्या ओळीत असण्यापेक्षा ते त्यालाही आवडेल. फोटोंना वेगळं पान.

आणि अध्यक्षांशी वाद घालू नका, त्यांना चाचणीला बसवा. संस्थेशी संबंध नसलेली पाचेक माणसं बोलवा, शेजारच्या आजी, दुधवाला, कॉलेजची पोरगी, ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर जुनी साइट उघडायला लावा आणि सांगा, 'उद्या आईला डिस्चार्ज आहे, खाट मिळवा.' मग गप्प बसायचं, मदत नाही, सूचना नाही. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी यातले तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० साली हेच मांडलं होतं की एका फेरीला पाच माणसं पुरतात, पंधरा एकदम बोलावण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधे दुरुस्ती करा. देणगीदारांची चाचणी वेगळी घ्या, त्यांचं काम वेगळं. दुधवाला तिसऱ्यांदा मनोगतावर जाऊन अडकला की अध्यक्ष स्वतःच म्हणतील हे खाली घ्या.

शिळफाटा
रुग्णांचे फोटो टाकणार असाल तर विचारून टाका हं. अंथरुणावरच्या माणसाचा फोटो नातेवाइकांना साइटवर बघायला नको असतो.

हिशेबनीस
हे सगळं करण्याआधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाकडे आहे ते बघा. ते संस्थेच्या ईमेलवर घ्या, कुणा एकाच्या नको.

तिठा_नाशिक
आत्ताच विचारलं. ज्यांनी साइट केली त्यांच्या भाच्याच्या ईमेलवर आहे, आणि भाचा आता कॅनडात असतो. उद्या सकाळी त्याला फोन लावतो.