बंदुकीची जाहिरात: कंपनीला कोर्टात खेचावं का?

नेहा_डॅलस
टेक्सासमध्ये राहते, मुलगी चौथीत आहे. शाळेत आगीचा सराव होतो तसा बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचाही होतो. दिवे बंद, दार लावायचं, आवाज करायचा नाही. त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही.

२४ मे २०२२ रोजी उवाल्डे गावातल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका यांचा जीव गेला. मारेकऱ्याला अठरा पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. डॅनियल डिफेन्सची रायफल त्याने १६ मेला, वाढदिवशीच, ऑनलाइन मागवली. त्याच दिवशी कंपनीने ट्विटरवर एक फोटो टाकला होता: मांडी घालून बसलेलं लहान मूल, मांडीवर रायफल, आणि सोबत मुलांना वळण लावण्याविषयीचं बायबलमधलं वचन.

अमेरिकेच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यामुळे, बंदूक गुन्ह्यात वापरली गेली म्हणून बनवणाऱ्यावर सहसा भरपाईचा दावा लावता येत नाही. पण त्यात एक अपवाद आहे. विक्री किंवा जाहिरातीला लागू असलेला कायदा कंपनीने जाणूनबुजून मोडला आणि त्यातून इजा झाली, तर दावा चालतो. गोळी दुसऱ्याने झाडली हे खरं, पण पोस्ट कंपनीनेच टाकली ना? मग तिचा जाब कंपनीनेच द्यावा.

सह्यकडा
नेहाताई, आईची काळजी समजते, तरी पटत नाही. ती रायफल परवानाधारक दुकानातून दिली गेली. अठराव्या वर्षी रायफल घेता येते हा टेक्सासचा कायदा आहे, कंपनीने केलेला नाही. आणि पोलीस शाळेत पोहोचूनही ७७ मिनिटं मारेकऱ्यापर्यंत गेले नाहीत. हे सगळं ओलांडून एका फोटोवर बोट ठेवायचं?

कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हुक शाळेचंही तेच. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. बुशमास्टर रायफल विकत घेतली होती मारेकऱ्याच्या आईने, २०१० मध्ये. ‘ही बंदूक घ्या आणि मर्दपणाचं कार्ड परत मिळवा’ अशा अर्थाची जाहिरात होती म्हणे. ती मुलाने पाहिली आणि म्हणून तो शाळेत शिरला, हे सिद्ध कसं करणार?

कोर्टाची_पायरी
सह्यकडा, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो अमान्य केलेला नाही. चार विरुद्ध तीन मतांनी त्यांनी म्हटलं ते एवढंच की अनुचित व्यापाराविरुद्धच्या राज्य कायद्याखाली, बुशमास्टर बनवणाऱ्या रेमिंग्टनवर दावा लावणाऱ्या सँडी हुकच्या कुटुंबांना हे सिद्ध करायची संधी मिळाली पाहिजे. ज्यूरीपुढे खटला गेलाच नाही. रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या विमा कंपन्यांनी ७.३ कोटी डॉलरवर तडजोड केली. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट पैसा नव्हे. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं जाहीर करण्याचा हक्क कुटुंबांनी सोडला नाही.

उलट बाजूही सांगतो. मेक्सिको सरकारने स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीवर केलेला दावा जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने मोडीत काढला. बंदुका टोळ्यांच्या हाती पडतात हे माहीत असून डोळेझाक केली, एवढ्याने गुन्ह्याला साथ दिली असं ठरत नाही, असं न्या. केगन यांनी लिहिलं. जाहिरातीवर राज्यांचे कायदे किती चालतात, हा मुद्दा मात्र तिथे निकाली निघाला नाही.

वाटसरू
इन्स्टाग्रामवर बंदुकीची पैसे देऊन जाहिरात करता येत नाही, पण कंपनी स्वतःच्या पानावर फोटो टाकू शकते. आपल्याकडे दारूच्या नावाने सोडा विकतात त्यातलाच प्रकार! उवाल्डेच्या कुटुंबांनी मे २०२४ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक मेटावरही दावा लावला, ते मला पटतं. कॉल ऑफ ड्यूटी हा युद्धाचा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनला मात्र त्यात ओढायला नको होतं.

सह्यकडा
सोड्याची तुलना नको. दारूच्या जाहिरातीवर आपल्याकडे बंदी आहे. तिथे बंदूक कायदेशीर वस्तू, आणि तिच्याबद्दल बोलण्याला संविधानाचं संरक्षण. मुलांना आकर्षक वाटतील अशा बंदुकीच्या जाहिरातींवर कॅलिफोर्नियाने घातलेली बंदी २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाला टिकणारी वाटली नाही, कारण तिथे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करणं कायदेशीर आहे. २००५ चा कायदाही उगाच आला नाही. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो अशी शहरं एकामागून एक दावे लावत होती. विधिमंडळात जमत नाही ते खटल्यांच्या खर्चाने घडवायचं, याला माझा विरोध आहे.

नेहा_डॅलस
पोलिसांबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, त्यांना माफी नाहीच. पण एक तपशील बघा. पालकांच्या दाव्यानुसार, त्याने रायफल मागवली तेव्हा वाढदिवसाची मध्यरात्र उलटून फक्त २३ मिनिटं झाली होती. म्हणजे कुठली घ्यायची हे सतराव्या वर्षीच ठरलेलं होतं. विक्री अठरा पूर्ण झाल्यावर झाली, कायद्यात बसवून. त्याचं मन त्याआधी कुणी वळवलं, हे मला विचारायचंय.

सह्यकडा
तो सतरा वर्षांचा असताना कंपनीच्या साइटवर काय पाहत होता, कंपनीने त्याला काय पाठवलं, याच्या नोंदी असतील तर त्या कोर्टात उघड व्हाव्यात. त्याला माझी हरकत नाही. नोंदीत काही निघालं नाही, तर दावा तिथेच संपला पाहिजे, हे तुम्हाला मान्य आहे का?

नेहा_डॅलस
मान्य. आधी नोंदी उघडू द्या.