कॉपीराइटवर पेपर लिहायचाय, विषय दशावतार, पण प्रश्न काही बारीक होत नाहीये

कुडाळचा_पोरगा

नमस्कार मंडळी, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ३१ डिसेंबरपर्यंत पाच हजार शब्दांचा पेपर द्यायचाय. मी विषय दिला होता 'भारतातील लोककला आणि कॉपीराइट कायदा : एक अभ्यास'. सरांनी कागद बघितला, परत दिला आणि म्हणाले अरे हे कपाट आहे, यातला एक खण उघड. तेव्हापासून तीनदा बदललं. 'लोककलेला कॉपीराइट मिळावा का', मग 'युट्यूबचा लोककलेवर होणारा परिणाम', मग 'डिजिटल युगात दशावताराचं संरक्षण'. तिन्ही वेळा सर नुसते हसले.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. माझा मामा दशावतारात, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्री होणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट करतो, गेली वीसेक वर्षं. मागच्या जत्रेत कुणीतरी समोर ट्रायपॉड लावून पूर्ण नाटक रेकॉर्ड केलं, साडेतीन तासांचं, आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकलं. जाहिरातीसकट. लाखाच्या वर व्ह्यूज आहेत. मामाला त्या रात्रीची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचा मेहनताना, मिळाली तेवढीच. हे चूक आहे असं वाटतं पण यातून 'प्रश्न' कसा काढायचा कळत नाही. कोणी पेपर लिहिले असतील तर सांगा प्लीज, वेळ कमी आहे.

मांडवीकर

सरांचं बरोबर आहे रे. तुझ्या तिन्ही विषयांत एकही माणूस नाही, 'लोककला' आहे, 'डिजिटल युग' आहे. आणि खाली सहज लिहिलेल्या मामाच्या गोष्टीत सगळं आहे, ट्रायपॉड, नाईट, जाहिरात. विषय तिथेच आहे, वर नाही.

मी एलएलएमला असताना हाच घोळ घातला होता, 'पारंपरिक ज्ञान आणि बौद्धिक संपदा' असं काहीतरी, दोन महिने जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची कागदपत्रं वाचली आणि एक पान लिहून झालं नाही. म्हणून सांगते, 'मिळावा का' हे आधी काढून टाक. त्याला उत्तर म्हणून फक्त भाषण होतं. 'आज कायदा काय म्हणतो' इथून सुरू कर.

१९५७ चा कॉपीराइट कायदा उघड आणि पहिल्यांदा व्याख्या वाच, कलम २. नाट्यकृतीच्या व्याख्येत अट आहे की दृश्यरचना किंवा अभिनयाचं रूप लिहून 'किंवा अन्यथा' पक्कं झालेलं असावं. आता तूच सांग, दशावतारातले संवाद कोण लिहितो? मला माहीत नाही, मी रत्नागिरीची, आमच्याकडे नमन आणि जाखडी, त्या लोककला वेगळ्या. कोणी सिंधुदुर्गातलं सांगा.

पायपेटी

मी सांगतो. पेटीवर बसतो, वर्षं मोजायची सोडलीत आता.

संवाद कोणी लिहीत नाही. आख्यान पुराणातलं, ते सगळ्यांचंच. मंडळाचा मालक संध्याकाळी सांगतो आज अमुक आख्यान, तू हा, तू तो. मग पेटाऱ्याजवळ आरसा घेऊन रंग लावता लावता प्रवेश ठरतात, कोण आधी येणार, लढाई कधी लागणार, बस. पुढे रंगमंचावर जे होतं ते तोंडचं. पण तोंडचं म्हणजे काहीपण बडबड नव्हे हां, त्यामागे श्लोक, ओव्या, जुन्या नटांचं ऐकलेलं, सगळं मुरलेलं असतं. समोरच्याने असा एखादा सवाल टाकला की आपला माणूस अडकला हे मला पेटीवरून पहिलं कळतं, मग मी सूर जरा लांबवतो, पखवाजवाला पण समजून घेतो, तेवढ्यात त्याला उत्तर सुचतं आणि लोकांना वाटतं काय बोलला बघ! तोच संवाद दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात परत बोल म्हटलं तर नाही जमणार त्याला.

हल्ली काही मंडळं ट्रिकसीनची, म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारी, नाटकं लेखकाकडून लिहून घेतात, ते वेगळं. ते यात आणू नको बाबा, गोंधळ होईल.

चिपळूण५५

राग मानू नका पण पोरांनो, जत्रेतल्या देवाच्या नाटकात कॉपीराइट? उद्या पालखी नाचवणारे रॉयल्टी मागतील. आमच्या जाखडीत शक्तीवाले-तुरेवाले, दोन्ही बाजूंचे, सगळे सिनेमाच्या चालीवर गाणी बांधतात, त्या चालीचे पैसे कोणी दिलेत का आजवर? कायदा लावायचाच तर दोन्हीकडून लागेल, मग आपलीच पोरं पहिली अडकतील. तो व्हिडिओवाला निदान आमच्यासारख्या मुंबईत अडकलेल्यांना घरबसल्या नाटक दाखवतो.

मांडवीकर

काका, राग कशाला, तुमचा आक्षेप पेपरात जायलाच हवा, फुकट मिळालाय पोराला. कलम ५२(१)(झेडए) बघ, खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभाच्या ओघात साहित्य, नाट्य किंवा संगीत सादर केलं तर तो कॉपीराइटचा भंग नाही, लग्नाच्या वरातीलासुद्धा ती सूट आहे. आणि कलम ३९ मुळे कलम ५२ च्या सवलती योग्य त्या फेरफारांसह कलाकाराच्या हक्कालाही लागतात. म्हणजे व्हिडिओवाला म्हणणार, जत्रा धार्मिक, मी सुटलो. पण 'समारंभाच्या ओघात' हे शब्द धर. देवळापुढे रात्री नाटक झालं ते ओघात, आठवड्याने जाहिरातीसकट चॅनेलवर टाकलं ते कसल्या ओघात? जाखडीच्या चाली मात्र राहू दे, तो स्वतंत्र पेपर आहे.

पायपेटी दादांनी लिहिलंय ते सोनं आहे. नाटकाचं रूप आधी पक्कं झालेलं नाही, म्हणजे 'नाट्यकृती'चा लेखक शोधत बसायला नको, तो वाद मोठा आहे आणि तुझ्या मामाच्या कामाचा नाही. मामा लेखक नसेल, पण कलाकार नक्की आहे. कलाकाराच्या व्याख्येत नट, गायक, वादक तर आहेतच, कसरतवाला, जादूगार, गारुडीसुद्धा आहे, त्यात संहिता लागते असं कुठेही नाही. जिवंत सादरीकरण पुरे. दादा, तुमची पेटी पण त्यात आली बरं.

कलाकाराचा हा हक्क मुळात १९५७ च्या कायद्यात नव्हताच. फॉर्च्युन फिल्म्स विरुद्ध देव आनंद या निकालात मुंबई हायकोर्टाने नटाच्या सादरीकरणाला कॉपीराइटचं संरक्षण नाही म्हटलं, पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क देणारं कलम ३८ आलं आणि २०१२ ला ३८ए (सादरीकरण रेकॉर्ड करायचा, लोकांपर्यंत पोचवायचा हक्क कलाकाराचा) आणि ३८बी (त्याच्या नावाचा आणि सादरीकरणाची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क). मुदत ५० वर्षं. हा इतिहास एका परिच्छेदात उरक, पहिली दहा पानं त्यात घालवू नको, सगळे तेच करतात.

कुडाळचा_पोरगा

ताई खूप खूप थँक्यू, काल रात्री बसून ३८ ते ३९ए वाचलं. मग प्रश्न असा केला : 'दशावतारी कलाकारांच्या परवानगीशिवाय युट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओंमुळे त्यांच्या कलम ३८एखालील हक्कांचा भंग होतो का?' चालेल?

मांडवीकर

बराच जवळ आलास. पण 'परवानगीशिवाय' असं तू प्रश्नातच लिहून टाकलंस, म्हणजे उत्तर 'होय' आणि पेपर एका ओळीत संपला. पाच हजार शब्द कशाने भरणार? भांडण कुठे आहे ते शोध. त्या रात्री परवानगी खरंच नव्हती का? कोणीच कोणाला विचारलं नव्हतं?

पायपेटी

विचारतात की. मालकाला विचारतात. 'काढू का शूटिंग?' 'काढा काढा, नाव टाका फक्त मंडळाचं.' झालं. आम्हाला कोण विचारतंय. मालकाचं पण चुकतं असं नाही म्हणत, मंडळाचं नाव झालं की पुढच्या वर्षी दोन नाटकं जास्त मिळतात, त्यात आमचंही पोट आहे.

मांडवीकर

हे बघ! आला खण.

परवानगी आहे, पण मालकाची आणि तोंडी. आता कायद्यात काय सापडतं बघ. कॉपीराइटमध्ये नोकराने केलेल्या कामाचा पहिला हक्कदार बऱ्याचदा त्याला नोकरीवर ठेवणारा मालकच असतो, ते कलम १७. पण कलाकाराच्या हक्काला कुठली कलमं लागू होतात त्याची यादी ३९ए मध्ये आहे आणि तिच्यात १७ नाही. म्हणजे नाईट दिली म्हणून मालक आपोआप हक्कदार होतो असं सरळ म्हणता येत नाही. त्याच यादीत कलम ३० आहे, लायसन्स लेखी हवं म्हणणारं. आणि ३८ए(२) मध्ये चित्रपटात सादरीकरण घ्यायला कलाकाराची संमती म्हटलंय ती पण लेखी करारानेच, वर व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी वेगळी. मोबाइलवरचा व्हिडिओ कायद्याच्या भाषेत 'चित्रपट'च, यावर एक पान लिही.

आणि एक गंमत बघ. कलम १३(३) म्हणतं की चित्रपटाचा बराचसा भाग दुसऱ्या कृतीच्या कॉपीराइटचा भंग असेल तर त्या चित्रपटाला कॉपीराइट नाही. पण 'कृती'च्या व्याख्येत सादरीकरण येतच नाही! म्हणजे मामाच्या हक्काचा भंग करून काढलेल्या व्हिडिओवर त्या चॅनेलवाल्याचा स्वतःचा कॉपीराइट कदाचित शाबूत राहतो. मामाने उद्या तोच व्हिडिओ उचलून स्वतःच्या चॅनेलवर टाकला तर युट्यूबचा स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचा ठपका, मामाला. पण हे तळटीपेत ठेव, नाहीतर परत कपाट उघडशील.

प्रश्न असा कर : 'जत्रेतल्या दशावतारी नाटकाच्या चित्रीकरणाला मंडळाच्या मालकाने तोंडी होकार दिला, तर पात्र करणाऱ्या कलाकाराला कलम ३८ए चा हक्क व्हिडिओ काढणाऱ्याविरुद्ध वापरता येतो का?' एक नाट्यप्रकार, एक प्रसंग, एक कलम. आणि विरुद्ध बाजूला एकच मोठा मुद्दा ठेव, मूक संमती. नटाने समोर ट्रायपॉड बघितला, तरी तो रंगमंचावर गेला, नंतरही काही बोलला नाही, मग आता तक्रार कशी? याला उत्तर देताना तुझा खरा कस लागेल. चार-पाच कलाकारांशी बोल, लेखी संमती घेऊन, नावं बदलून. सर्वेक्षण वगैरे करू नको, वेळ नाही तुझ्याकडे.

कुडाळचा_पोरगा

ताई हा सरांना आत्ताच मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं 'आता लिही'. बस एवढंच. 😄

पण मूक संमतीवरून एक अडचण सांगतो. मामाला काल फोन केला, म्हटलं तुझ्यावर पेपर लिहितोय, तुला न विचारता व्हिडिओ टाकला ना. तर म्हणतो, 'अरे तो? तो मीच नाही का फॅमिली ग्रुपवर टाकलेलो, तू बघलंस नाय?' वर जाऊन बघितलं तर खरंच, मार्चमध्ये, खाली माझाच अंगठा 👍.

मांडवीकर

😂😂 हे पहिल्या पानावर घाल. असंच्या असं.

पायपेटी

मी तर स्टेटसला ठेवलेला. चार दिवस.

बरं, आमच्या जत्रा सुरू झाल्यात, बोलायचं असेल तर ये. नाटकाआधी ये पण, रंग लावताना सगळे मोकळे असतात. नाटक संपल्यावर पहाटे कोण तुझ्याशी कलम बोलणार नाही. आणि तो संमतीचा कागद मराठीत आण, एक पानाचा, मोठ्या अक्षरात. आमच्यातल्या दोघांना चष्मा घरी विसरायची सवय आहे.